चौदा शाळांतले रिकामे चौकोन

१

सोमवारी सकाळी पिंपळनेरच्या आश्रमशाळेत वीस कॉम्प्युटर सुरू झाले, आणि वीसही पडद्यांवर अक्षरांच्या जागी रिकामे चौकोन उमटले. ‘लिखी ठेव’ या बटणावर चौकोन, ‘पुसी टाक’वर चौकोन. मुलांनी स्वतःच्या हाताने लिहिलेल्या गोष्टी उघडल्या तर चौकोनांच्या रांगाच रांगा.

मुलांना आधी गंमत वाटली. मग पाचवीतल्या एका मुलीने आपली गोष्ट शोधली, तिला ती ओळखता आली नाही, आणि तिचं तोंड वाकडं झालं.

हेमलताअक्का तेव्हा वर्गातच होत्या. धुळ्याच्या शाळेत छत्तीस वर्षं गणित शिकवून त्या निवृत्त झाल्या, पण खडू सुटला नाही. दर सोमवारी पहिल्या एसटीने त्या पिंपळनेरला येत आणि दिवसभर शिकवून परत जात. त्यांनी त्या मुलीला जवळ घेतलं.

“गेली नाही गं तुझी गोष्ट. हजेरीपटावर तुझं नाव आहे आणि तू घरी राहिलीस, तर बाई काय करतात? नाव वाचतात, पण चेहरा दिसत नाही. तसंच झालंय. यंत्राला अक्षराचं नाव माहीत आहे. चेहरा सापडत नाहीये.”

“मग चेहरा कोणी नेला?” मुलीने विचारलं.

अक्कांनी ममताकडे पाहिलं. ममता याच शाळेत शिकली होती आणि आता इथेच कॉम्प्युटर सांभाळत होती. वय तेवीस. तिची आई दिवालीबाई अजूनही मोहाची फुलं वेचायला आणि मजुरीला जात असे. ममता खुर्चीवर ताठ बसली होती आणि तिचा फोन वाजायचा थांबत नव्हता. साक्रीहून, शिरपूरहून, सोनगीरहून. चौदा शाळांत हेच चौकोन.

या चौदा शाळांचे कॉम्प्युटर ‘टिटवी’वर चालत. टिटवी ही यंत्र चालवणारी मूळ प्रणाली. तिला कंपनी नव्हती, मालक नव्हता. तीसेक देशांतली माणसं आपापली नोकरी, शेती, शिक्षण सांभाळून ती फुकट बांधत आणि फुकट वाटत. कामाचे लहान लहान संच पाडलेले. छपाईचा एक, आवाजाचा एक, आणि प्रत्येक संचाला एक राखणदार. खान्देशी संचाची राखणदार होती ममता. पडद्यावरचे शब्द आपल्या अहिराणी बोलीत आणणं, अक्षरांचे आकार पुरवणं, शाळांच्या तक्रारी सोडवणं, हे तिचं काम. येत्या बुधवारी धुळ्यात जिल्ह्याची समिती बसणार होती. आणखी नव्वद शाळांत टिटवी घ्यायची की नाही, ते त्या दिवशी ठरणार होतं, आणि उत्तरं द्यायला ममताला बोलावलं होतं.

ममताने नोंदी उघडल्या. टिटवीत प्रत्येक बदल सगळ्या जगासमोर लिहिलेला असतो. कोणी केला, केव्हा केला, काय केलं.

“शनिवारी दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी खान्देशी संचाची नवी आवृत्ती निघाली,” ती हळू म्हणाली. “अक्षरांचे आकार आणणारी ओळच त्यातून काढून टाकली आहे. आज यंत्रं सुरू झाली आणि सगळ्यांनी ती आवृत्ती आपोआप घेतली.”

“सोडली कोणी?”

ममताने पडदा अक्कांकडे वळवला.

“सही माझी आहे, अक्का. पण मी केली नाही.”

२

अर्ध्या तासात जळगावकडून फोन आला. बोलणारा कौतिक. रावेरकडचा केळीवाला शेतकरी, आणि टिटवीच्या सुरक्षेवर लक्ष ठेवणाऱ्या गटातला जुना सभासद.

“ममताताई, वाईट वाटून घेऊ नका. तुमची सही आम्ही थांबवली आहे. नियमच तसा आहे. बुधवारी दुपारी बारापर्यंत तुम्ही खुलासा द्या, तोवर संचाला कोणालाच हात लावता येणार नाही. नाही दिला तर नाव काढावं लागेल.”

“खुलासा काय देऊ? मी केलं नाही, एवढंच माझ्याकडे आहे.”

“एवढ्याने चालत नाही ना, ताई. इथं कोणी कोणाला पगार देत नाही. भरवसा हाच काय तो पगार, आणि सही म्हणजे तो भरवसा.”

अक्कांनी फोन झाल्यावर विचारलं, “सही म्हणजे नक्की काय? मला चौथीच्या मुलीला सांगतेस तसं सांग.”

“एक लांबलचक गुप्त आकडा असतो. तो माझ्या पेनड्राइव्हवर आहे. तो वापरायला वरून परवलीचे शब्द लागतात. दोन्ही मिळून सही होते.”

“पेनड्राइव्ह शनिवारी कुठे होता?”

 ममताने मुख्याध्यापकांच्या खोलीकडे नुसती मान वळवली.

मुख्याध्यापक गिरधर आबा खिडकीत पान थुंकून येऊन बसले. खिडकीखालची भिंत लालभडक झाली होती. अक्कांनी नजर काढून घेतली.

“माझ्या कपाटात होता,” आबा म्हणाले. “शुक्रवारी संध्याकाळी बठ्ठे पेनड्राइव्ह माझ्याकडे जमा होतात, एकूण एक. माझा नियम आहे. शनिवारी मी इथेच होतो, किल्ली माझ्या कमरेला.”

“म्हणजे तुम्ही वापरू शकला असता.”

“अक्का, मला माझा स्वतःचा मेल उघडता येत नाही. ही ममताच उघडून देते.” ते खुर्चीत मागे रेलले. “पण बरं झालं म्हणा. मी पहिल्यापासून सांगतोय. कंपनीचं असतं तर तक्रारीच्या नंबरला फोन लावला असता. इथे कोणाला लावू? तीस देशांना? तालुक्याहून येणारे तक्ते त्यात नीट उघडत नाहीत, ते निस्तरायचे मी. आता समितीला मीच सांगणार, काढा हे.”

“मुलांच्या गोष्टी गेल्या असत्या तर?”

“पोरं दुसऱ्या लिहितील.”

तो माणूस दुष्ट नव्हता. पण मुलांनी वर्षभर लिहिलेलं त्याने पानाच्या चोथ्यासारखं थुंकून टाकलं, आणि अक्का खुर्चीवरून उठल्या.

बाहेर आल्यावर त्यांनी ममताला विचारलं, “परवलीचे शब्द आबांना माहीत आहेत?”

“कोणालाच नाहीत. दिवाळीत मी ते बदलले. आईलासुद्धा सांगितले नाहीत.”

“आणि शनिवारी तीन वाजता तू?”

“गावी. आईबरोबर शेतात. तिथे रेंज नसते.” ममताने ओठ चावला. “म्हणजे मला पाहिलेलं माणूस एकच. माझी आई. समिती तिचं काय ऐकणार?”

३

त्या संध्याकाळी अक्का धुळ्यात उतरल्या त्या थेट प्रेमराजच्या दुकानात गेल्या. आग्रा रोडवर त्याचं कॉम्प्युटरचं दुकान होतं. शाळांना यंत्रं, प्रिंटर, शाई तोच पुरवी. सोबत कंपनीची प्रणाली चोरून उतरवून देई, आणि वर म्हणे, सगळेच देतात.

“बसा अक्का. पंखा तुमच्याकडे फिरवतो.” त्याला बातमी कळली होती. “चौदाच्या चौदा आडव्या पडल्या म्हणे. ऐकून बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? नव्वद शाळा हातातून चालल्या होत्या माझ्या.”

“तू पाडल्यास का?”

प्रेमराज हसला. “मी? मला येतं ते डबा उघडून पंख्यातली धूळ काढणं. मोडायला आधी आत शिरता यायला हवं. शनिवारी मी शिरपूरला सासुरवाडीत जेवत होतो, चाळीस माणसं होती पंगतीला. आणि अक्का, एक सांगू? फुकट कोण काम करतं? तुम्हीच सांगा. ज्याला पैसे नको त्याला दुसरं काहीतरी हवं असतं. माझं कसं उघडं आहे, मला गिऱ्हाईक हवं.”

त्याच्या काउंटरवर शाळांसाठीचं दरपत्रक आधीच टाइप होऊन पडलं होतं. तारीख आजची. बारा तास झाले नव्हते. अक्का चहा न घेता उठल्या.

तिथून त्या देवपूरला हितेंद्रकडे गेल्या, आणि तिथे मात्र त्यांना जरा हायसं वाटलं. हितेंद्र त्यांचाच विद्यार्थी, आठवीपासूनचा. आता कॉलेजात शिकवत होता. अकरा वर्षांपूर्वी खान्देशात टिटवी पहिल्यांदा आणली ती त्यानेच. स्वतःच्या मोटारसायकलवर, स्वतःच्या पेट्रोलने गावोगाव फिरून शाळांत ती बसवली. ममताला की-बोर्डवर बोटं ठेवायला शिकवलं तेही त्याने. बैठकीच्या भिंतीवर सत्काराचे फोटो होते, शाली पांघरलेले.

“पोरगी हुशार आहे, अक्का,” तो खाली बघत म्हणाला. “पण घाई करते. इतक्यात एवढी जबाबदारी द्यायला नको होती, असं मी म्हणत होतो. आता चूक झाली तर झाली. लहान आहे.”

“चूक नाही. तिने केलंच नाही म्हणते.”

“म्हणणारच ना.” त्याने सरबताचा ग्लास पुढे केला. “मी दुरुस्त करतो. फक्त राखणदाराचे हक्क तेवढे मला परत द्यायला सांगा. बुधवारी सकाळी शाळा उघडायच्या आत अक्षरं जागेवर असतील. समितीपुढेही मी उभा राहतो. तिच्यावर ओरडा नको.”

“तुझे हक्क गेले कधी?”

“सव्वा वर्ष झालं. नियम आहे त्यांचा. वर्षभर काम केलं नाही की नाव माजी लोकांच्या यादीत. विचारत नाहीत, नुसतं पत्र येतं. कॉलेजात वेळच मिळत नव्हता.” तो हसला. “मग ममताला केलं. माझीच विद्यार्थिनी. आनंदच आहे.”

अक्कांनी सरबत घेतलं. आपल्या वर्गातून निदान एक माणूस नीट निघाला, असं मनाशी म्हणत त्या घरी गेल्या.

मंगळवारी सकाळी साडेआठला दारावर थाप पडली. दारात ममता. बगलेत लॅपटॉप, डोळे सुजलेले.

“अक्का, ज्याने संच मोडला ना,” ती उंबऱ्यातच म्हणाली, “त्यानेच त्यातली एक गोष्ट दुरुस्त पण केली आहे.”

४

तिने जुनी आवृत्ती डावीकडे आणि नवी उजवीकडे लावली. टिटवीचं सगळं उघडं असतं, कोणीही दोन आवृत्त्या शेजारी ठेवून बघावं. काढलेली ओळ लाल दिसत होती. आकारांची ओळ. काल सगळ्यांनी तेवढीच पाहिली होती. पण बरीच खाली, छपाईच्या भागात, एक हिरवी ओळ होती.

“एका जुन्या प्रिंटरसाठी पानाचा खालचा समास वाढवला आहे,” ममता म्हणाली. “बरोबर वाढवला आहे. मी तपासलं. त्या प्रिंटरवर आधी शेवटची ओळ कापली जात असणार.”

“तुला ही तक्रार आली होती?”

“नाही. लेखी तक्रारींची यादी जगाला दिसते, त्यात नाही. फोनही नाही. तो प्रिंटर आपल्या शाळेत नाहीच. चौदा शाळांपैकी एकीतच आहे. नरडाण्याला.”

अक्कांनी बोट ठेवून ती हिरवी ओळ पुन्हा वाचली. छत्तीस वर्षांत त्यांनी हजारो वह्या तपासल्या होत्या. एकदा एका मुलाने दुसऱ्याचा गृहपाठ चोरून उतरवला होता आणि उतरवता उतरवता त्यातली बेरजेची चूक सुधारली होती. पकडला गेला तो त्या सुधारणेमुळेच. चांगल्या विद्यार्थ्याला चूक समोर दिसली की हात आवरत नाही, मग तो चोरी करत असला तरी.

“हे बाहेरच्या टवाळाचं काम नाही,” त्या म्हणाल्या. “मोडायला आलेला माणूस दुरुस्ती कशाला करील? याला या संचाची माया आहे. आणि याला नरडाण्याची अडचण माहीत आहे. चल.”

नरडाण्याच्या शाळेत ताईबाई होत्या. पन्नाशीच्या, तोंडाने फटकळ, आणि अहिराणी सोडून बोलायची वेळ आली की रागावणाऱ्या. त्यांनी प्रिंटरवर हात आपटला.

“हाऊ देखा. खालनी वळ छापतच नही. बठ्ठी पोरेसनी हजेरी छापी, शेवटनं नाव हाते लिखनं पडस. सहा महिना व्हयनात.”

“कोणाला सांगितलं होतं तुम्ही?” अक्कांनी विचारलं.

“ममताले सांगनार व्हती, पन तिना नंबर मनाजोडे नही ना. लिखी पाठवानं माले जमत नही.” त्या ममताकडे वळल्या. “रागावू नको, पोरी.”

“पण कोणाला तरी बोलला असाल.”

ताईबाईंनी बोटांवर दिवस मोजले. “गुरुवारले प्रेमराज उना व्हता शाई दिवाले, त्याले सांगं. तो म्हने, नवा ली ल्या. मंग शुक्रवारले आपला सर उनात फोटो काढाले, समितीना करता. त्यास्नी खाले वाकीसन देखं, लिखी लिधं, म्हने व्हई जाई.”

“लिहून घेऊन ‘होऊन जाईल’ म्हणणारे हे कोणते सर?”

“कोनता काय इचारतीस? आपला हितेंद्र सर.”

ममताने खुर्चीचा हात घट्ट धरला. अक्कांना काल प्यायलेलं सरबत आठवलं.

दोघी परतीच्या एसटीत बसल्या. सोनगीर मागे गेल्यावर अक्कांनी विचारलं, “तुझा तो गुप्त आकडा पहिल्यांदा कुठे बनवला होता?”

“सरांच्या लॅपटॉपवर, अडीच वर्षांपूर्वी, मी सभासद झाले तेव्हा. माझ्याकडे तेव्हा नव्हता. त्यांनीच पेनड्राइव्हवर उतरवून दिला. परवलीचे शब्दही त्यांनीच सुचवले.” तिने खिडकीबाहेर पाहिलं. “पण अक्का, मी ते बदलले ना दिवाळीत.”

“समज, एक डबा आहे. त्याचं झाकण तू बदललंस. पण त्याआधीच कोणी तसाच दुसरा डबा करून ठेवला असेल, तर त्या डब्याचं झाकण बदललं का?”

ममताचा चेहरा उतरला. “नाही. त्याला जुनंच झाकण. आणि आत आकडा तोच.” मग ती म्हणाली, “सरांनी मला सांगितलं होतं, त्यांच्याकडची प्रत पुसली म्हणून.”

५

हितेंद्र कॉलेजच्या प्रयोगशाळेत एकटाच होता. ममताला पाहून तो क्षणभर थबकला, मग त्याने दोन खुर्च्या पुढे ओढल्या.

अक्का बसल्या नाहीत. वर्गात प्रमेय मांडावं तशा त्या बोलल्या, आवाज न चढवता.

“संच मोडणाऱ्याला तीन गोष्टी हव्यात. ममताचा आकडा, त्याचे शब्द, आणि नरडाण्याच्या प्रिंटरची माहिती. गिरधर आबांकडे पेनड्राइव्ह होता, शब्द नव्हते, नरडाण्याचं त्यांच्या कानावरही नव्हतं. प्रेमराजला प्रिंटर माहीत होता, पण त्याला नवा विकायचा आहे. जुना दुरुस्त झाला तर त्याचंच नुकसान. ममताला प्रिंटरचं कोणी सांगितलंच नाही. ताईबाईंनी दोघांनाच सांगितलं, एक प्रेमराज. दुसरा कोण, तू सांग.”

“फोन केला असेल त्यांनी ममताला.”

“नंबर नाही त्यांच्याकडे.”

“अक्का, माझं तर नावच माजी यादीत आहे. मला हक्कच नाहीत.”

“म्हणून तर तिची सही लागली. तुझा लॅपटॉप उघड. अडीच वर्षांपूर्वीचा तिचा आकडा त्यात नसेल, तर मी तुझी माफी मागते, तिच्यादेखत.”

हितेंद्रने लॅपटॉप उघडला नाही. त्याने त्याच्यावर हात ठेवला आणि हात तिथेच राहिला. बाहेर वर्ग सुटला, पोरं बडबडत गेली, आणि पुन्हा शांत झालं.

“कायमचं काही मोडलं नव्हतं मी,” तो अखेर म्हणाला. “दोन दिवसांचा प्रश्न होता. शाळेतलं एक अक्षरही पुसलं गेलं नाही. बुधवारी सकाळी मी ती ओळ परत घालणार होतो.”

“आणि समितीपुढे उभा राहणार होतास.”

“अकरा वर्षं, अक्का. पाऊस म्हटला नाही, ऊन म्हटलं नाही. बायकोचे बोल खाल्ले. आणि समितीचं पत्र आलं त्यात नाव कोणाचं? हिचं. माझा उल्लेखसुद्धा नाही. फुकट केलं मी सगळं. निदान नाव तरी.”

“तिचं नाव जाणार होतं उद्या बाराला. सगळ्या जगासमोर. त्याचं काय?”

हितेंद्र ममताकडे बघून समजुतीच्या सुरात म्हणाला, “मी होतो ना. मी तिला परत शिकवलं असतं.”

अक्कांनी आयुष्यात चोऱ्या पाहिल्या होत्या, कॉप्या पाहिल्या होत्या, पोरांच्या खिचडीतले तांदूळ घरी नेणारे पाहिले होते. पण ताटात वाढून त्याच ताटात थुंकणारा आणि वर ‘पुसून देतो’ म्हणणारा माणूस त्यांनी पाहिला नव्हता. तो आपण घडवला, आठवीच्या दुसऱ्या बाकावर, याची त्यांना शिसारी आली. त्याच्या शालींच्या फोटोंमध्ये एकात त्या स्वतः होत्या, शाल घालताना हसणाऱ्या.

ममता पहिल्यांदाच बोलली. “सर, तुम्ही मागितलं असतं तर मी तुमचं नाव माझ्या वर लिहिलं असतं. मला काय फरक पडत होता?”

हितेंद्रने लॅपटॉप जवळ ओढला. त्याने अक्कांना विचारलं, “खुलाशात यंत्रणेतला बिघाड असं लिहू? म्हणजे तिच्यावरही येणार नाही आणि...”

“तुझ्या नावाने लिही. जिथे सगळे वाचतात तिथे. मी इथे उभी आहे.”

त्याला पाऊण तास लागला. चार वेळा त्याने ‘नकळत’ हा शब्द घातला आणि चारही वेळा अक्कांनी तो काढायला लावला.

६

कौतिक संध्याकाळी पाचला जळगावच्या गाडीने धुळ्यात उतरला. शर्टावर केळीच्या चिकाचे डाग, खांद्याला पिशवी.

“तोड चालू होती, तशीच टाकून आलो,” तो म्हणाला. “पण हे फोनवर चालत नाही. नवा सभासद असो की नवी सही, जुन्या सभासदाने समोरासमोर बसून माणूस पाहायचा, ओळखपत्र पाहायचं, मगच ग्वाही द्यायची.” त्याने ममताचं ओळखपत्र हातात घेतलं, फोटो पाहिला, तिच्याकडे पाहिलं. “फोटो वाईट आलाय, पण तुम्हीच आहात.”

अक्कांच्या जेवणाच्या टेबलावर ममताने नवा आकडा तयार केला. या वेळी स्वतःच्या लॅपटॉपवर, आणि अक्का व कौतिक दोघांनी पाठ फिरवलेली असताना. कौतिकने ग्वाही नोंदवली. सात वाजता नवी आवृत्ती तयार झाली. आकारांची ओळ जागेवर आली. समासाची हिरवी ओळ ममताने तशीच ठेवली आणि तिच्यापुढे करणाऱ्याचं नाव लिहिलं, हितेंद्र.

“काढ ते,” अक्का म्हणाल्या.

“काम त्यांचं आहे, अक्का.”

“मला ते नाव बघवत नाही.”

“मलाही नाही. पण ज्याने केलं त्याचं नाव, असा नियम आहे. मोडलं त्यापुढेही त्यांचंच लिहिलं आहे मी.” तिने बटण दाबलं. कौतिकने भाकरीचा तुकडा मोडून ठेच्याला लावला.

बुधवारी सकाळी चौदा शाळांत अक्षरं परत आली. दुपारी समिती बसली. गिरधर आबांनी आपलं म्हणणं मांडलं, प्रेमराजचं दरपत्रक फिरलं. मग अध्यक्षांनी चष्म्यावरून ममताकडे पाहिलं.

“आता सगळं सुरळीत आहे, मान्य. पण दोन दिवस शाळा बंद पडल्या. आणि तुमच्याच माणसाने पाडल्या. कंपनी असती तर आम्ही तिला धरलं असतं. इथे धरायचं कोणाला?”

“मला,” ममता म्हणाली. “वर माझं नाव आहे.”

“तुमच्यावर विश्वास का ठेवावा?”

“ठेवू नका. तपासा. कोणी मोडलं, कुठे मोडलं, कधी मोडलं, ते आम्हाला दीड दिवसात कळलं. पोलीस नव्हते, कंपनी नव्हती. अक्कांना कॉम्प्युटरचं फारसं येत नाही, तरी त्यांनाही वाचता आलं. कारण ते झाकून ठेवायची सोयच नाही त्यात. ज्यांचं दरपत्रक तुमच्या हातात आहे, त्यांना विचारा, त्यांच्या प्रणालीत असं झालं तर कोणी केलं ते दाखवतील का?”

प्रेमराजने खिशातून रुमाल काढून मान पुसली. एक सभासद कागदावर बघत म्हणाला, “त्यांच्या प्रणालीचं लायसन्स तरी आहे का, ते आधी विचारा.” आबा खिडकीकडे पाहत होते.

समितीने नव्वदऐवजी बारा शाळा दिल्या, एक वर्षासाठी. प्रत्येक शाळेतून एक शिक्षक ममताकडे शिकायला पाठवायचा, अशी अट घातली. अध्यक्षांनी खुलाशाचा कागद फाइलला लावला आणि शेवटी विचारलं, “ते हितेंद्र सर म्हणजे तेच ना, ज्यांचा आपण सत्कार केला होता?” कोणीतरी हो म्हणालं. पुढे काही न विचारता त्यांनी फाइल बंद केली.

बाहेर फाटकाशी हितेंद्र उभा होता. दाढी न केलेली, शर्ट कालचाच. त्याने ममताकडे पाहिलंच नाही. तो सरळ अक्कांकडे आला.

“कॉलेजात सगळ्यांनी वाचलं, अक्का. तुम्ही दोन ओळी लिहाल का? की मी माणूस वाईट नाही. तुमच्या शब्दाला किंमत आहे.”

“ममताला काही बोलायचं आहे का तुला?”

“तिला मी नंतर भेटतोच. तुमचं पत्र आधी मिळालं तर...”

आणि तो वाकला. भर रस्त्यात, येणारे जाणारे बघत असताना, त्याचे दोन्ही हात अक्कांच्या चपलांकडे आले.

अक्कांनी पाय मागे घेतले.

त्याचे हात धुळीवर टेकले. तो तसाच वाकलेला होता तेव्हा त्या त्याला वळसा घालून ममताजवळ गेल्या आणि रिक्षाला हात केला.

“पिंपळनेरची गाडी किती वाजता आहे?” त्यांनी विचारलं.

“साडेचार. पण आज सोमवार नाही, अक्का.”

“नसू दे,” अक्का म्हणाल्या आणि आत सरकून तिला जागा करून दिली.